शिखर कुठाय, फ्रेमा?

३ जून, सोमवार

इंग्रजीच्या नव्या सरांनी सांगितलंय की रोज काहीतरी लिहीत जा, म्हणजे हात सैल होतो. रोज मला जमायचं नाही. दिवसभर कंद सोलून, तळून, मिरच्या वाटून माझा हात असा सैल होतो की संध्याकाळी पातेलं उचलवत नाही. पण दोनदा नापास झालेल्या बाईने किती तोरा मिरवायचा? म्हणून ही वही.

नापास फक्त इंग्रजीत. बाकीचे विषय केव्हाच सुटले. इंग्रजीत निबंध आडवा येतो, आणि इंग्रजी सुटल्याशिवाय सुईणीच्या सरकारी कॉलेजात पाऊल ठेवता येत नाही. मला चौतीस पूर्ण झाली. कॉलेज पस्तिशीपर्यंतच घेतं. म्हणजे या खेपेला पास, नाहीतर जन्मभर एजुराच्या मोटार-अड्ड्यावर कढई. कढईत वाईट काही नाही, माझ्या आईने त्याच्यावरच घर चालवलं. पण मला सुईण व्हायचंय आणि मी होणार.

सरांचं नाव दोग्बे. पूर्वेकडचे, एवे लोकांतले. आमची भाषा बोलतात, पण दगड फोडल्यासारखी. आज आल्या आल्या त्यांनी फळ्यावर एक डोंगर काढला आणि त्याच्यावर पाच ठिपके दिले. पायथा, चढ, शिखर, उतार, मुक्काम.

"प्रसंग सांगणारा निबंध म्हणजे एवढंच," म्हणाले. "लिहायला बसण्याआधी हे पाच ठिपके भरा. त्यातही शिखर आधी ठरवा. ते ठरलं की वाट सापडते. न ठरवता निघालात तर पानभर नुसते हिंडाल."

माझ्या मागे सुलेमाना बसतो, मोटरसायकली दुरुस्त करणारा. तो म्हणाला, "सर, डोंगर तुमच्याकडे. आमचं एजुरा सपाट. आम्ही कशावर चढायचं?"

"मांपाँगचा घाट आहे की. तू दुरुस्त केलेल्या गाड्या तिथे लोकांना ढकलत न्याव्या लागतात, पाहिलंय मी."

वर्ग पोट धरून हसला. मला मात्र वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे? आमच्या घरात गोष्टी सांगायला कुणी शिकवत नाही. नसिया मामा इथल्या राजाच्या वतीने बोलतात. राजा चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो हळूच पुटपुटतो आणि मामा ते लोकांना असं सांगतात की दंड झालेला माणूससुद्धा मान डोलावत घरी जातो. अशा माणसाच्या भाचीला पाच ठिपके कशाला लागतात?

६ जून, गुरुवार

विषय ठरला. गेल्या वर्षी मी मांपाँगला चालले होते, तेव्हा आमची प्रवाशांनी भरलेली ट्रोट्रो गाडी घाटात बंद पडली आणि गाडीतली एक बाई तिथेच बाळंत झाली. ते लिहायचं. हेच का सुचलं कोण जाणे. बाजारात आग लागली होती, तेही लिहिता आलं असतं.

संध्याकाळी मामांना विचारलं, सुरुवात कशी करू? ते अंगणात पाय पसरून बसले होते.

"अगं, यात विचारायचं काय? पाहुणा दारात आला की आपण काय करतो?"

"पाणी देतो."

"मग?"

"मग विचारतो, काय काम काढलंत."

"आणि तो काय म्हणतो? कुणी मेल्याची बातमी घेऊन आला असला तरी आधी काय म्हणतो?"

"सगळं शांत आहे, वाईट काही नाही."

"झालं तर. माणूस नीट टेकल्याशिवाय त्याच्या अंगावर बातमी टाकायची नसते. त्या पेपर-तपासनिसालासुद्धा आधी टेकू दे."

आई तिकडे उखळात कंद कुटत होती. तिचं मुसळ थांबलं. "कुणाच्या बाळंतपणाचं लिहितेस?"

"त्या गाडीतल्या बाईच्या."

"हं," म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली. आईला माझं शिकणं पहिल्यापासून खुपतं. कसलीही वही दिसली की चौकशा करते.

मामांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं. 'माझ्या प्रवासात वाईट काही घडलं नाही. सगळं शांत होतं. ज्या कारणाने हे लिहायला बसले ते कारण असं.' दोन पानं झाली. एक शब्द खोडावा लागला नाही.

१० जून, सोमवार

सरांनी माझा निबंध वर्गात वाचायला घेतला. पहिलं वाक्य वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"फ्रेमाबाई, वाईट काही घडलं नाही, हे तुम्ही पहिल्याच ओळीत सांगून टाकलंत. मग मी पुढे कशाला वाचू?"

मी म्हटलं, "आमच्यात रीत आहे. समोरच्याच्या तोंडावर बातमी फेकत नाहीत."

"तपासनीस तुमच्या ओसरीवर पाणी प्यायला आलेला नाही. त्याच्यापुढे पेपरांचा ढीग आहे आणि त्याला घरी जायचंय."

सुलेमानाने माझी पानं आधीच डोकावून वाचली होती. तो मागून म्हणाला, "सर, हिच्या निबंधात पाणी आहेच, दुसऱ्या पानावर. बाळ जन्मतं तेव्हा ही बाटली घेऊन उभी असते."

सगळे हसले. मीही हसले, नाहीतर आणखी चेव आला असता. पण सर हसले नाहीत. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. 'ड्रायव्हरने दार काढून आडोसा केला. एका म्हातारीने धीर दिला. देवाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या कृपेने मूल सुखरूप जन्मलं. मी पाणी दिलं.'

"मूल झेललं कुणी?" सरांनी विचारलं.

"मी."

"नाळ?"

"मीच बांधली. बाजारातून घेतलेला नवा दोरा होता पिशवीत."

"आणि हे लिहायला जागा पुरली नाही?"

मी, मी करत सांगायचं कसं? आमच्या घरात कुणी असं बोलत नाही. मामा तर बोलतात तेव्हा ते शब्दसुद्धा त्यांचे नसतात, राजाचे असतात. पण सर म्हणाले, "शिखरावर कुणीतरी काहीतरी करावं लागतं. कृपेने चालत नाही." वही आपटून घरी आले. पुन्हा लिहिणार.

१३ जून

लिहिलं. 'मी' असं लिहिताना प्रत्येक वेळी मागे मामा खोकल्यासारखं वाटत होतं. पण लिहिलं.

२३ जून, रविवार

घाटात जन्मलेल्या त्या मुलीच्या आईचा आज निरोप आला. आता दुसरं झालंय, मुलगा. परवा आठवा दिवस, नाव ठेवणार आहेत, ताईंनी यायलाच हवं. परवा मला कंद आणायला बाजारात जायचंय. तिला तसं कळवलं. गेल्या वेळीही मुलीच्या नावाच्या दिवशी मला नेमका ताप आला होता. अशा कार्यांना माझं काहीतरी आडवं येतंच.

रविवार म्हणून मामांनी शेंगदाण्याचा रस्सा आणि भाताचे मुटके मागितले. मीच केले. मामा म्हणाले, तुझ्या हाताला चव आहे, तू का घेत नाहीस? मला तो रस्सा सोसत नाही. लहानपणी वाटीवर वाटी प्यायचे. आता नुसता वासही नको वाटतो. वयाप्रमाणे अन्न बदलत असेल. आई माझ्या ताटात गुपचूप भाजलेलं केळं ठेवून गेली.

१ जुलै, सोमवार

या वेळी सरांनी निबंध परत देताना 'छान' म्हटलं. पायथा ठीक, चढ उत्तम, बाळ रडतं तिथे शिखर, सगळं जागच्या जागी. एवढं पाठ केलं तरी पास व्हाल, म्हणाले. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

पण वर्ग सुटल्यावर त्यांनी थांबवलं. एका ओळीखाली रेघ मारली होती.

मी लिहिलं होतं, 'कळांच्या मध्ये त्या बाईने मला विचारलं, ताई, तुम्हाला मुलं किती? मी म्हटलं, कापड घट्ट धर.'

"ही ओळ का लिहिलीत?"

"तसं झालं म्हणून."

"गाडीचा रंग लिहिला नाहीत. बाईचं नाव लिहिलं नाहीत. हे लिहिलंत."

"नको तर खोडा."

"खोडायला सांगत नाही. मला एवढंच वाटतं की तुम्ही मला एक टेकडी दाखवताय, आणि डोंगर तिच्यामागे आहे. शिखर कुठाय, फ्रेमा?"

पहिल्यांदाच 'बाई' न लावता म्हणाले. मला असा संताप आला की बस. तुम्हाला काय करायचंय? तुम्ही इंग्रजी शिकवा. एवे लोकांना दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची खोडच असते. हे सगळं तोंडावर म्हणाले नाही, पण दार जोरात लावलं.

८ जुलै

वर्गाला गेले नाही. कंद फार होते.

११ जुलै

सुलेमाना अड्ड्यावर आला. दोन तुकडे घेतले, चटणी चार तुकड्यांची घेतली.

"ताई, वर्ग सोडलास का? तू गेलीस की वर्गात सगळ्यात म्हातारा मीच."

"चटणी कमी घे. फुकट नाही मिळत."

"सर विचारत होते. म्हणाले, मी काहीतरी चुकीचं बोललो बहुतेक."

"बोललेच."

"मग येऊन भांड की. तू घरी बसलीस तर भांडण एकट्यानं कसं करायचं त्यांनी?"

पोरटं वात्रट आहे, पण बरोबर बोललं. एका ओळीसाठी मी वर्ग सोडला तर कॉलेज कुणाचं बुडणार आहे? सरांचं नव्हे.

१४ जुलै, रविवार

आज दुपारी घरात कुणी नाही. लिहून टाकते. सरांसाठी नाही. ठिपके मला भरता येतात की नाही ते बघायला.

पायथा. सात वर्षांपूर्वी मला मुलगा झाला. याच घरात. सुईण मांपाँगला होती आणि रस्ता वाहून गेला होता.

चढ. त्याचे ओठ निळसर होते. दूध ओढताना तो मध्येच दमायचा. मी आईला दाखवलं, आईने शेजारणींना दाखवलं. सगळ्या म्हणाल्या, येईल रंग. तो एकदाही मोठ्याने रडला नाही. रविवारी सकाळी तो माझ्या कुशीत गार होता. पाचवा दिवस.

आमच्यात आठ दिवसांआधी मूल आपलं नसतं. पाहुणा असतो. राहायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवायचं. गेला तर रडायचं नाही, नाहीतर पुन्हा तसंच येऊन तसंच जातं. बायका त्याला घेऊन गेल्या. कुठे नेलं ते आईला सांगत नाहीत. मला पांढरी वस्त्रं नेसवली, जणू काही सण आहे. मी विचारलं, त्याला काय झालं होतं? आई म्हणाली, "पाहुणा होता. पाणी पिऊन गेला. पाहुण्याला का निघालास म्हणून विचारत नाहीत." आणि तिने माझ्यापुढे शेंगदाण्याचा रस्सा ठेवला, भाताचे मुटके ठेवले. म्हणाली, "हसत खा."

मी खाल्लं. सगळं. वाटी पुसून.

इथे माझा हात थांबला. मला वाटत होतं तो गेला ते शिखर. पण तिथे मी काही केलंच नाही. मी जे केलं ते हे. मला विचारायचं होतं आणि मी खाल्लं.

उतार. वर्षभरात नवरा तेचिमानला गेला तो तिकडचाच झाला. पुन्हा पोटी कुणी आलं नाही, परत जाणारंही नाही आणि राहणारंही नाही.

मुक्कामाचा ठिपका रिकामा आहे. रस्सा मला का सोसत नाही हे मात्र कळलं. सात वर्षं मी वयावर ढकलत होते. काय म्हणावं मला.

१५ जुलै, सोमवार

सरांना निबंध नाही, फक्त डोंगर दाखवला. प्रत्येक ठिपक्यापुढे दोन-तीन शब्द. त्यांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवत तो वाचला. माफ करा म्हणतील आणि मला रडू येईल अशी भीती वाटत होती. ते म्हणाले, "शिखर बरोबर जागी आहे. बहुतेक लोकांनी मृत्यू धरला असता." बस, एवढंच. मला बरं वाटलं.

"मुक्काम सापडत नाही," मी म्हटलं. "यात काही बरं झालंच नाही."

"मुक्काम म्हणजे सगळं बरं झालं असं नव्हे. चालता चालता तुम्ही कुठे येऊन थांबलात, तेवढंच."

"मी कंदाच्या कढईपाशी थांबलेय."

"मग माझ्या वर्गात कोण बसलंय?"



२८ जुलै, रविवार

कच्चा निबंध मामांना वाचून दाखवला. वाटलं, शब्दांचं माणूस आहे, त्यांना कळेल. आई चर्चमध्ये गेली होती. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. दरबारात गोंगाट थांबवायला करतात तसा.

"हे तू परक्याला लिहून देणार? ज्याचं तोंड पाहिलं नाहीस अशाला?"

"तोंड पाहिलं नाही म्हणूनच लिहिता येईल."

"मोटारीचं लिहिलंस ते काय वाईट होतं? तुझे सरच म्हणाले, पास होशील. मग हा हट्ट कशाला?"

"मामा, तो माझा मुलगा होता."

"पाहुणा होता. पाहुण्याचं रडगाणं गायलं की तो पुन्हा तसाच येतो. मी नाही म्हणत, आपले पूर्वज म्हणतात."

"मी गप्प बसले. रस्सा खाल्ला. हसलेसुद्धा. मग आलं का कुणी राहायला?"

 मामा उठून आत गेले. मी त्यांना दुखावलं हे मला ठाऊक आहे. मामांनीच मला शाळेत घातलं होतं, बाप नव्हता तेव्हा. त्यांचं म्हणणं चूक आहे असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माघार घेणार नाही.

५ ऑगस्ट

पुन्हा लिहिला. सर म्हणतात चढ लांबला, तपासनीस दमेल. कापायचं.

१२ ऑगस्ट

कापला. बायकांचं येणं-जाणं काढलं, निळे ओठ ठेवले. रस्सा उतू जातो ते वाक्य मला फार आवडलं होतं. सरांनी विचारलं, याने काय पुढे सरकतं? काही नाही. काढलं.

मोटारीचा निबंधही तोंडपाठ करून ठेवलाय. सर म्हणाले, दोन्ही तयार ठेवा. हॉलमध्ये तिथल्या तिथे हिंमत होईल ते लिहा. कुणीही बोट दाखवणार नाही.

१९ ऑगस्ट

सुलेमानाने त्याचा निबंध वाचला. त्यात शिखराला मोटरसायकलचं चाक निखळतं. मी विचारलं, कुणाच्या हातची दुरुस्ती? म्हणाला, ताई, तो ठिपका मी रिकामा ठेवलाय.

२ सप्टेंबर, सोमवार

आईने विचारलं, "परीक्षेत ते मोटारीचंच लिहिणार ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "तेच लिही. ते चांगलं आहे." आणि मला परवाच्या पेपरासाठी तिचा ठेवणीतला निळा कपडा काढून दिला. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. पण अजून ते खोटं आहे की नाही हेही मला माहीत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

झाला पेपर.

प्रश्न असा होता: 'तुम्ही पुढे कोण व्हायचं हे एखाद्या प्रसंगाने ठरलं असेल, तर तो प्रसंग सांगा.' दोन्ही निबंध बसत होते. कच्च्या पानावर मी दोन डोंगर काढले. मोटारीचे पाचही ठिपके भरले, भराभर, न अडखळता. तो निबंध म्हणजे पास. हे सरांनी सांगितलं होतं, मामांनी सांगितलं, आईनेही सांगितलं. माझं कॉलेज त्याच्यात होतं. पेन त्याच्यावरच ठेवलं होतं मी. पहिली ओळसुद्धा लिहिली, 'गाडी घाटात बंद पडली तेव्हा दुपार झाली होती.'

मग मला वाटलं, हे खोटं आहे. घाटात काही ठरलं नाही. त्या बाईचं मूल झेलायला मी पुढे झाले, कारण आधीच ठरलेलं होतं. तपासनिसाला ते कळणार नाही, पण मला कळेल, आणि कॉलेजात रोज सकाळी मला ते कळत राहील.

ओळ खोडली. दुसरा निबंध लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. शेवटी लिहिलं, 'माझ्या मुलाला काय झालं होतं हे मला अजून माहीत नाही. पाहुण्याला का निघालास म्हणून विचारत नाहीत. मला विचारायचंय. ते विचारायला शिकवतात अशी एकच जागा मला माहीत आहे आणि मी तिकडे निघालेय.'

बाहेर सर उभे होते. कुठला लिहिला ते त्यांना सांगितलं.  घरी आईला म्हटलं, मोटारीचा लिहिला. आता मात्र ते खरोखरचं खोटं झालं.

२९ नोव्हेंबर

निकालाचा पत्ता नाही. कंद महागलेत.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज दोग्बे सर घरी आले. आई पाण्याचा तांब्या घेऊन निघाली होती, मामा खुर्ची पुढे करत होते. सर उंबऱ्यातच ओरडले, "पास! फ्रेमा पास! इंग्रजीत चांगल्या गुणांनी!"

मामा म्हणाले, "अहो मास्तर, बसा तरी आधी. पाणी तरी घ्या." सर कसले थांबतात! बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. आईचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आई, तुमच्या नातवामुळे पास झाली हो ती. तो निबंध मी विसरणार नाही."

मी जमिनीकडे बघत राहिले. आईने हात सोडवून घेतले आणि तांब्या पुढे केला. सरांना काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना. बिचारे मग पाणी प्यायले, दोन तांबे. मामांनी आयुष्यात भल्याभल्यांची भांडणं मिटवली आहेत, पण आज त्यांना एक वाक्य सापडलं नाही. शेवटी ते सरांना म्हणाले, "आमची मुलगी तुम्ही शिकवलीत. मी ऋणी आहे." हे मात्र त्यांचे स्वतःचे शब्द होते. सरांना पोचवायला ते पार अड्ड्यापर्यंत गेले.

आई चुलीपाशी बसली. मी तिच्यासमोर बसले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. चौतीस वर्षांच्या बाईला आईची भीती वाटू नये, पण वाटली.

"काय काय लिहिलंस?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. पायथ्यापासून. तिच्या तोंडचं वाक्य, रस्सा, वाटी, काही गाळलं नाही.  संपल्यावर ती कपड्याच्या टोकाने हात पुसत बसली.

"एकदाही मोठ्याने रडला नाही, असं लिहिलंस?"

"हो."

"रडला होता."

"कधी?"

"शुक्रवारी पहाटे. तुला ग्लानी आली होती. मी त्याला घेऊन या अंगणात फेऱ्या मारल्या. असा टाहो फोडला त्याने की शेजारीण उठून आली. माझ्या बापाचा गळा होता. तस्सा."

"आई, तू कधी बोलली नाहीस गं."

"कुणाशी बोलू? तो आलाच नव्हता ना." ती रडायला लागली. सात वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ही दगड आहे. "तुला हसत खा म्हटलं आणि मागल्या दारी जाऊन मी उलटी केली. तू तरी राहावीस म्हणून खायला घातलं गं. मला दुसरं काही येत नव्हतं."

मी तिला धरलं. दोघी रडलो, चांगल्या मोठ्याने. कुणी आलं असतं तर म्हटलं असतं, या घरात कोण वारलं?

मग नाक पुसून ती म्हणाली, "आणि नाव काय लिहिलंस?"

"नाव कुठलं? आठवा दिवस कुठे उजाडला होता?"

"बुधवारी जन्मला ना? बुधवारचा मुलगा क्वाकू. ते काय आपण ठेवतो? येतानाच घेऊन येतात ते. मी तर पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेय."

"म्हणतेस? अजून?"

"लिही ते," ती म्हणाली.

"अगं, पेपर कधीच गेला."

"मग त्या तुझ्या वहीत लिही. आणि रडला होता तेही लिही. आत्ता. माझ्यासमोर."

क्वाकू. बुधवारी आला. शुक्रवारी पहाटे मोठ्याने रडला, शेजारीण उठून आली.